आप्पांचा एम-स्पाइक परत दिसायला लागला, कार-टीसाठी मळा विकायचा का?

रावेरचा शेतकरी

राम राम मंडळी. आमच्या आप्पांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडाच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे, वय 64. सुरुवातीला नुसती कंबर दुखायची, केळीचे घड उचलून उचलून मणका गेला असंच सगळे म्हणायचे, मालिश झाली, पट्टा झाला, दुखण्याच्या गोळ्या झाल्या आणि मग एकदम हिमोग्लोबिन 7 वर आलं, क्रिएटिनिन वाढलं, तेव्हा जळगावच्या एका डॉक्टरांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातल्या प्रथिनांची तपासणी करायला लावली आणि त्यात एम-स्पाइक, म्हणजे या आजारी पेशी बनवतात ते प्रथिन, निघाला. पुढे मुंबई, बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सा (स्टेरॉइड) ही तीन औषधं, नंतर स्वतःच्याच पेशींचं ट्रान्सप्लांट. आता लेनालिडोमाइड 10 ची गोळी चालू आहे. मधली वर्षं देवाच्या कृपेने चांगली गेली, आप्पा रोज मळ्यात जातात, बागेवर नजर त्यांचीच असते.

आता झालं असं की स्पाइक शून्य होता तो आधी 0.2 आला आणि या वेळी 0.4. फ्री लाइट चेन, म्हणजे त्याच पेशींच्या प्रथिनाचे सुटे तुकडे, पण थोडी वर आहे. हिमोग्लोबिन 12, क्रिएटिनिन 1.1, कॅल्शियम नॉर्मल, नवीन दुखणं काही नाही. डॉक्टर म्हटले, लगेच काही बदलायचं नाही, महिन्याने परत तपासू. पण घरात कोणाला झोप नाही. लहान भावाने बातमी वाचली की आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलने मिळून भारतातली पहिली कार-टी काढली, म्हणजे पेशंटच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची ट्रीटमेंट, अमेरिकेपेक्षा दहापट स्वस्त, तरी खर्च 30-40 लाखांच्या घरात. तो म्हणतो रस्त्याकडचा मळा काढून टाकू, गिऱ्हाईक तयार आहे. आप्पा म्हणतात माझ्यासाठी जमीन विकाल तर मी गोळ्याच बंद करतो. रोज रात्री ताटावर बसलं की हाच विषय निघतो आणि माय न जेवता उठते.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. ही ट्रीटमेंट आप्पांना लागू आहे का, आणि एवढ्या नवनवीन बातम्या येतात त्यातलं आपल्या पेशंटचं काय हे आपल्यासारख्या माणसाने ओळखायचं कसं? कोणी यातून गेलं असेल तर जरूर सांगा.

धुळ्याची ताई

भाऊ, मी स्वतः मायलोमाची पेशंट आहे, दोनदा परत आलेला आहे आणि तरी आज सकाळी भाकरी थापून मग हे लिहितेय. आधी हे सांगते की मळ्याचा सौदा थांबवा. आज तरी.

तुमच्या भावाने वाचलेली बातमी खोटी नाही. ती नेक्सकार-19 ची आहे, तिला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. पण ती ज्या पेशींना पकडते त्यांच्यावर सीडी-19 नावाची खूण असते, आणि ती बी-सेल लिम्फोमा-ल्युकेमियासाठी आहे. मायलोमाच्या प्लाझ्मा पेशींवर ती खूण बहुतेक नसतेच. मायलोमाची कार-टी वेगळी, ती बीसीएमए या खुणेवर जाते. अमेरिकेत अशा दोन आहेत, एकीला 2021 आणि दुसरीला 2022 मध्ये मंजुरी मिळाली, आणि बीसीएमएवाल्या कार-टीच्या ट्रायल आपल्याकडेही चालू आहेत. म्हणजे नाव एकच, कार-टी, पण कुलूप वेगळं आणि किल्ली वेगळी. जमीन विकून पैसे घेऊन गेला असता तरी डॉक्टरांनी परतच पाठवलं असतं.

आता 0.4 चं. मी डॉक्टर नाही पण हा आकडा माझ्या स्वतःच्या रिपोर्टवर आला तेव्हा मी सगळं खोदून वाचलं होतं. आंतरराष्ट्रीय निकषात आजार वाढला असं म्हणायला स्पाइक सर्वात कमी होता त्यापेक्षा निदान 25 टक्के आणि शिवाय डेसिलिटरमागे कमीत कमी 0.5 ग्रॅम वाढावा लागतो, आणि तो परत तपासून पक्का करावा लागतो. आप्पांची वाढ अजून तिथपर्यंत नाही. नुसता आकडा वाढतोय, हाडं किडनी रक्त ठीक आहे, याला बायोकेमिकल रिलॅप्स म्हणतात, आणि त्यात कधी कधी बरेच महिने नुसतं लक्ष ठेवतात. पण वाढीचा वेग बघतात, दोन महिन्यांत दुप्पट होतोय का हे बघतात, म्हणून महिन्याने बोलावलंय ते बरोबरच आहे, ती तारीख चुकवू नका. आणि एक करा, दरवेळी एकाच लॅबमध्ये द्या. एकदा जळगाव एकदा मुंबई असं केलं की 0.1-0.2 चा फरक लॅबचा की आजाराचा हेच कळत नाही आणि घरभर रडारड होते. फाइलमध्ये फिश नावाचा, कॅन्सरच्या पेशींतले जनुकांचे बदल दाखवणारा रिपोर्ट पण शोधा. त्यात 17पी डिलिशन, 4;14, 1क्यू असले जास्त जोखमीचे बदल सापडलेले असतील तर डॉक्टर इतके दिवस थांबत नाहीत.

बातम्या कशा वाचायच्या ते माझ्यापुरतं सांगते. मी तीनच गोष्टी बघते. कोणत्या पेशंटवर केलं, म्हणजे पहिल्यांदाच निदान झालेले की चार औषधं हरलेले. कशाशी तुलना केली. आणि त्यांनी मोजलं काय, माणूस जगला ते की नुसता आजार दबून राहिला ते. उदाहरण देते. 2024 च्या पर्सियस अभ्यासात 709 पेशंट होते, आपल्या तीन औषधांत डाराटुमुमॅब हे चौथं मिळवलं तर चार वर्षांनी 84 टक्के लोकांचा आजार वाढलेला नव्हता, न मिळवता 68 टक्के. फार मोठी गोष्ट आहे. पण ते सगळे नवे पेशंट होते. आप्पांची ती पायरी होऊन गेली, तो आकडा आता त्यांना लावता येणार नाही. उलट 2025 च्या जूनमध्ये सिल्टा-सेल या कार-टीचं आलं, 97 पेशंट, बहुतेक सगळी औषधं हरलेले, त्यातले 32 जण एकदाच ते सलाइन घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ दुसऱ्या कोणत्याही मायलोमाच्या औषधाशिवाय राहिले. हे वाचलं त्या रात्री मी रडले होते. आशा खरी आहे भाऊ, फक्त ती कोणत्या दारात उभी आहे ते बघून जायचं.

आणि रिसर्च म्हणजे दरवेळी नवं महाग औषधच असं समजू नका. पूर्वी डेक्सा महिन्यात 12 दिवस 40-40 मिलिग्रॅम द्यायचे. मेयो क्लिनिकच्या डॉ. व्हिन्सेंट राजकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 445 पेशंटचा अभ्यास छापला, ते आठवड्यातून एकदाच दिलं तर एका वर्षाला 96 टक्के लोक जिवंत होते, जास्त डोसवाल्यांत 87. बोर्टेझोमिब शिरेतून न देता कातडीखाली दिलं तर पायाच्या मुंग्या कमी होतात हे 2011 मध्ये कळलं. यात एक रुपया जास्त लागला नाही. माझे पाय आज चालतात ते त्याच्यामुळेच असं मी मानते.

भुसावळ मेडिकलवाला

ताईंनी मुद्द्याचं सगळं लिहिलंय. माझं औषधाचं दुकान आहे, कॅन्सरची औषधं मागवून देतो म्हणून चार गोष्टी.

रावेरचे भाऊ, आप्पांना दुखण्याची गोळी मेडिकलवरून मनाने आणून देऊ नका. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, सगळ्या किडनीवर येतात, आणि मायलोमात किडनी आधीच नाजूक असते. आपल्याकडे कंबर दुखली की पहिलं इंजेक्शन डायक्लोचंच देतात, तर आप्पांच्या खिशात चिठ्ठीच ठेवा की मायलोमा आहे. मे महिन्यात आपल्या इथे पारा 45 ला जातो आणि आप्पा मळ्यात, म्हणून पाणी भरपूर पाहिजे, किती ते डॉक्टरांना विचारून. लेनालिडोमाइडमुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, त्यासाठी ॲस्पिरिन दिली असेल तर ती ॲसिडिटीची समजून बंद करतात लोक, मी बघितलंय. हाडाचं झोलेड्रोनिक इंजेक्शन चालू असेल तर दाढ काढायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, जबड्याचं हाड खराब होऊ शकतं.

पुढे मागे औषध बदललं तर बहुतेक डाराटुमुमॅब, पोमालिडोमाइड, कारफिल्झोमिब यातलं काहीतरी नाव येईल, हे सगळं भारतात मिळतं आणि पोमालिडोमाइडचे भारतीय जेनेरिक आहेत. डाराटुमुमॅब अजूनही महाग आहे, पण 2025 च्या बजेटमध्ये त्याच्यावरची कस्टम ड्युटी काढली आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी शून्य केला, 33 औषधांच्या यादीत डाराटुमुमॅब आणि मायलोमाचंच दुसरं औषध टेक्लिस्टामॅब दोन्ही आहेत. बिल हातात आलं की जीएसटीचा रकाना बघायचा, लाज वाटून घ्यायची नाही.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. डाराटुमुमॅब लाल पेशींना पण चिकटतं, त्यामुळे नंतर रक्त चढवायची वेळ आली की ब्लड बँकेत क्रॉसमॅच जुळतच नाही आणि नातेवाईक पिशवीसाठी गावभर फिरतात. म्हणून औषध चालू करण्याआधीच रक्तगट आणि अँटिबॉडी तपासून कार्डावर लिहून घ्या, आणि ब्लड बँकेला आधी सांगा की पेशंट या औषधावर आहे. शेवटच्या डोसनंतरही सहा महिन्यांपर्यंत हा गोंधळ राहू शकतो.

अमळनेरचे काका

मी माझ्या बायकोला घेऊन मुंबईला जातो, तिला हाच आजार. ट्रायलचं म्हणाल तर सीटीआरआय म्हणून सरकारची नोंदणी आहे, भारतातली प्रत्येक ट्रायल 2009 पासून तिथे नोंदवावीच लागते, फुकट बघता येते. मल्टिपल मायलोमा टाकून शोधा, कोणत्या हॉस्पिटलात, कोणत्या पेशंटला घेतात, किती औषधं आधी झालेली हवीत, सगळं लिहिलेलं असतं. तेवढं पान छापून डॉक्टरांसमोर ठेवा. आम्ही मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला तर डॉक्टर हसून सोडून द्यायचे, छापलेलं पान ठेवलं तर चष्मा लावून वाचतात. आणि एक नियम पक्का ध्यानात ठेवा, ट्रायलमधलं प्रयोगाचं औषध पेशंटला विकत घ्यायला लावत नाहीत, कोणी ट्रायलच्या नावाने लाखो मागितले तर तिथून उठायचं.

जाण्यायेण्याचं, रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के, हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्या. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. महात्मा फुले जनआरोग्यचं पण विचारा, आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, वर्षाला कुटुंबाला 5 लाखापर्यंत, कोणती औषधं त्यात बसतात ते तिथल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्या.

अवांतर एक, तुम्ही केळीवाले आम्ही कापसावाले. फवारणीच्या औषधांचा आणि या आजाराचा संबंध परदेशातल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात दिसलेला आहे. आप्पांना कशामुळे झाला ते कोणी सांगू शकणार नाही, पण आता त्यांना पंपाजवळ जाऊ देऊ नका, आणि तुम्ही भाऊ पण तोंड बांधून हातमोजे घालून करा. माझी पोरं ऐकत नाहीत, जीव तुटतो.

रावेरचा शेतकरी

तुम्हा सगळ्यांचे फार उपकार. ताईंचं उत्तर मी रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊ गप्प बसला आणि गिऱ्हाइकाला फोन करून थांबा म्हणाला. आप्पा सगळं ऐकत होते, म्हणाले त्या ताईला सांग, तू लई चांगलं समजाडं माय. माय दोन घास जास्त जेवली.

फिशचा रिपोर्ट सापडला, निदानाच्या वेळचा आहे. त्यात 17पी नाही, 4;14 नाही, 1क्यू बद्दल काही लिहिलेलंच नाही. आता पुढच्या तपासणीला जाताना लॅब तीच धरतो आणि कागदावर प्रश्न लिहून नेतो. हा जुना फिश चालेल की परत करायला सांगतात?

धुळ्याची ताई

आप्पांना माझा नमस्कार. फिश बोन मॅरोतून करतात, आत्ता नुसत्या 0.4 वर कदाचित लगेच करणार नाहीत. पण आजार खरंच वाढला असं ठरलं आणि औषध बदलायची वेळ आली तर परत करायचा का हे नक्की विचारा, कारण मधल्या काळात पेशींत नवे बदल आलेले असू शकतात, माझ्यात 1क्यू दुसऱ्या वेळी दिसलं, पहिल्या वेळी नव्हतं. तुमच्या कागदावर अजून दोन प्रश्न घाला, 1क्यू तपासलं होतं का, आणि आता स्पाइक वाढला तर पुढचं औषध कोणतं आणि ते जळगावला देता येईल की दर आठवड्याला मुंबईच. इंजेक्शन आठवड्याचं असलं तर त्याच्यावरच घरचं सगळं गणित बसतं. रिपोर्ट आला की आकडा इथे टाका, मी बघते.