गाय बॉइड यांची भांडी जमवायची आहेत, कुठून सुरुवात करू?

यशोधन_मेलबर्न:
१९५० च्या दशकातली ऑस्ट्रेलियन स्टुडिओ पॉटरी (कलाकारांच्या छोट्या कारखान्यांतली मातीची भांडी) जमवायची आहे, सुरुवात ऑस्ट्रेलियन कुंभार-शिल्पकार गाय बॉइडपासून. ऑप शॉपमध्ये (जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात) आणि ऑनलाइन लिलावात 'बॉइड' नावाखाली इतके प्रकार दिसतात की काही कळेनासं होतं. 'मार्टिन बॉइड' अशी सही असलेलं भांडंही गाय यांचंच का? घेताना काय तपासायचं? आणि रोजच्या वापरात चालतील का?

चाकावरची_माती:
आधी नावांचा गुंता सोडवा, नाहीतर पैसे चुकीच्या जागी जातील.

गाय (१९२३–१९८८) यांचं पूर्ण नाव गाय मार्टिन आ बेकेट बॉइड. १९४६ साली त्यांनी नॉर्मा आणि लिओनार्ड फ्लेग यांच्याबरोबर सिडनीत कारखाना काढला, त्याला आपलं मधलं नाव दिलं: मार्टिन बॉइड पॉटरी. पुढे ते मेलबर्नला परतले आणि 'गाय बॉइड' नावाने वेगळं काम सुरू केलं. सिडनीचा कारखाना मात्र जुन्याच नावाने चालू राहिला. म्हणून 'मार्टिन बॉइड' सहीचं भांडं गाय यांच्या हातचं असेलच असं नाही. कादंबरीकार मार्टिन बॉइड हे त्यांचे काका, त्यांचा या भांड्यांशी संबंध नाही. काही विक्रेते वर्णनात दोघांची सरमिसळ करतात.

'ए.एम.बी.' (आर्थर मेरिक बॉइड पॉटरी) ही तिसरीच गोष्ट. मेलबर्नच्या मरम्बीना उपनगरात १९४४ साली गाय यांचे थोरले भाऊ आर्थर बॉइड, जॉन पर्सिव्हल आणि पीटर हर्बस्ट यांनी काढलेली पॉटरी. पर्सिव्हल आणि आर्थर मूळचे चित्रकार, त्यामुळे त्यांनी स्वतः रंगवलेला नग महाग जातो. गाय यांचे वडील मेरिक बॉइड (१८८८–१९५९) यांचं काम त्याआधीचं: झाडांच्या फांद्यांसारखे वळलेले कान, तळावर सही आणि बहुतेकदा वर्ष. गाय यांचे धाकटे भाऊ डेव्हिड आणि त्यांची पत्नी हर्मिया यांचं काम पुन्हा वेगळं.

आणखी एक. 'गाय बॉइड' ही सही कारखान्याची खूण समजा. तिथे मदतनीस होते, सजावट करणारे हात अनेक. साध्या रॅमिकिनवर (भट्टीत पदार्थ भाजायच्या छोट्या वाटीवर) ती सही दिसली म्हणून कलाकाराच्या हातच्या कामाची किंमत मोजू नका.

टवके_शोधक:
भांडं उलटं करा आणि तिरक्या उजेडात सही बघा. ओल्या मातीत कोरलेल्या अक्षराच्या कडेला माती किंचित वर आलेली असते आणि झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) असेल तर ती रेघेत साचते. भाजल्यानंतर ओरखडून काढलेल्या अक्षराच्या कडा तुटक असतात, आत कोरी माती दिसते. हा फरक दहापट भिंगातून लगेच कळतो.

तळाची झीजही बघा. खरी झीज टेकणाऱ्या कडेवरच असते आणि ओरखडे सगळ्या दिशांना जातात. एकाच दिशेच्या रेघा असतील तर कुणीतरी सँडपेपर घासलाय. झिलईदार तळावर तीन बारीक ठिपके असतील तर घाबरू नका. भट्टीत भांडं ज्या तिकाटण्यावर ठेवतात त्याच्या त्या खुणा, दोष नव्हे.

मग बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. ही माती कमी तापमानाला भाजलेली, त्यामुळे स्टोनवेअरसारखा (जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट भांड्यांसारखा) खणखणीत नाद येणारच नाही. पण अगदी बद्द वाजलं तर तडा शोधा, विशेषतः कानाच्या जोडापाशी. अतिनील टॉर्चखाली डागडुजीचा रंग आणि गोंद बहुधा वेगळे चमकतात. ऑनलाइन घेत असाल तर तळ, काठ आणि कानाचा जोड यांचे फोटो मागा. द्यायला नाखूष असेल तर सोडून द्या.

यशोधन_मेलबर्न:
आभार. झिलईवर जाळीसारख्या रेघा आणि तपकिरी डाग असलेला एक वाडगा बघितलाय. घ्यावा का?

रेणुका_जतन:
जाळी पडणं या मातीत नेहमीचं आहे. झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, शिवाय सच्छिद्र माती वर्षानुवर्षं ओलावा पिऊन फुगते, म्हणून झिलई तडकते. नुसती जाळी असेल तर जरूर घ्या. डाग म्हणजे जाळीतून आत गेलेलं तेल किंवा चहा.

काढायचा असेल तर आधी भांडं डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर भिजवा. ही पायरी गाळू नका: कोरड्या मातीवर पेरॉक्साइड टाकलं की ते डाग घेऊन आणखी आत शिरतं. नंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वरून प्लास्टिक गुंडाळा, रोज कापूस बदला. डाग फिका झाला की स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा आणि दोनेक आठवडे सावलीत वाळवा. सोनेरी मुलामा किंवा जुनी डागडुजी असेल तर हे करूच नका. घरातलं क्लोरिनचं ब्लीच तर अजिबात नको. त्याचे क्षार मातीत राहतात, वाळताना स्फटिक होतात आणि झिलईचे पापुद्रे उडवतात.

वापराबद्दल: त्या काळच्या कमी तापमानाच्या झिलईत शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. आंबट पदार्थ ते ओढून घेतात, म्हणून ताक, लोणचं, चिंचेची चटणी, आमसुलाचं सार यातलं काहीच नको. शिसं तपासायचा घरगुती स्वॅब गुलाबी झाला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, ती चाचणी ढोबळ आहे. सोललेला सुका मेवासुद्धा खाण्यासाठी त्यात ठेवू नका. फुलदाणी म्हणून वापरायची तर आत काचेचा ग्लास ठेवा, पाणी मातीतून पाझरतं आणि खालचं लाकूड खराब होतं.

चाकावरची_माती:
पहिली खरेदी म्हणून रॅमिकिनचा संच टाळा. ते मुबलक आहेत, कधीही मिळतील. त्याऐवजी हाताने ओरखडून चित्र काढलेला, सही स्पष्ट असलेला एकच वाडगा घ्या. पुढे काय बघायचं ते त्यावरून कळत जाईल. आदिवासी चित्रांसारखी नक्षी असलेले नग तुम्हाला खूप दिसतील. त्या काळी कारखाने अशी नक्षी मूळ समाजाला न विचारता सर्रास वापरायचे. नोंदवहीत त्याला 'आदिवासी कला' म्हणू नका, 'आदिवासी चित्रांवरून घेतलेली नक्षी' असं लिहा.

आणि लिलावात बोली लावण्याआधी खरेदीदाराचं कमिशन किती ते विचारा. शेवटच्या बोलीच्या किमतीवर ते वेगळं लागतं.