अनुभव धागा : प्रतिभाताई, दिल्लीच्या आधीच्या आणि नंतरच्या

प्रतिभाताई पाटील यांचे नाव निघाले की बहुतेकांना २००७ ते २०१२ ही राष्ट्रपतिपदाची पाच वर्षेच आठवतात. त्यामागच्या विधानसभेतील तेवीस वर्षांचा विषय खानदेशाबाहेर क्वचितच कोणी काढते. आपण त्यांना मतदार, विरोधक किंवा नुसते बघे म्हणून पाहिले असेल, तर ऐकीव गोष्टी टाळून स्वतःचे लिहावे.

निवृत्त शिक्षक, जळगाव जिल्हा
१९६२ मध्ये त्या जळगावातून पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि माझ्या बालपणीच्या आठवणीत आहे ती फक्त भिंतीवर गेरूने काढलेली बैलजोडी, काँग्रेसचे तेव्हाचे चिन्ह. १९६७ पासून त्या एदलाबादेतून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, सलग चार वेळा निवडून आल्या. आमचे घर त्याच मतदारसंघात असल्यामुळे त्यांना मत देणारे वडील आणि कधीही न देणारे काका यांचा वाद दर निवडणुकीला नव्याने पेटे. १९७८ मध्ये काँग्रेस फुटलेली असतानाही ताई आल्या, तेव्हा काकांनी दोन दिवस अबोला धरला, पण शरद पवारांच्या पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) राज्यात, १९७९ मध्ये, त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या, तेव्हा तेच काका म्हणाले, "आता शोभतात!"

वकील, अमरावती
१९९१ च्या लोकसभेला मी पहिल्यांदा मतदान केले आणि ते त्यांना केले नाही. राज्यसभेचे उपसभापतिपद भूषवलेल्या या उमेदवाराची ओळख आमच्या आजीच्या लेखी एवढीच होती, की ती अमरावतीची सून आहे. त्या निवडून आल्या.

दादर
२००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, तरी तिने आघाडीच्या पसंतीच्या भैरोसिंह शेखावतांऐवजी मराठी उमेदवाराला, म्हणजे ताईंना, पाठिंबा दिला, त्यामुळे आमच्या चाळीतील काँग्रेस आणि शिवसेना या दोन्ही पक्षांच्या लोकांनी एकाच वेळी पेढे वाटण्याचा प्रसंग मी आयुष्यात एकदाच पाहिला. (ताईंचे यजमानही शेखावतच, हे तेव्हा अनेकांना ठाऊक नव्हते.)

लोहगाव, पुणे
२५ नोव्हेंबर २००९ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या येथील तळावरून सुखोईत बसून आकाशात गेल्या. विमानांचा आवाज आम्हाला रोजचाच, पण त्या दिवशी माझी आई मुद्दाम गच्चीवर गेली होती. पुढे २०१२ मध्ये खडकीतील लष्करी जागेवर त्यांच्यासाठी व्हायच्या घरावरून वाद झाला, तेव्हा आईला मनापासून वाईट वाटले. मला मात्र आक्षेप रास्त वाटला होता. त्यांनी ती जागा सोडली, त्या दिवशी आमच्या घरातला वादही थांबला.