मदत हवी आहे: १० टक्के राख घातली की ॲल्युमिनियमची झीज उलट वाढायलीय, कुठं चुकलं?

मंडळी नमस्कार, सोलापूरहून लिहायलोय. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, व्हायवाला बारा दिवस राहिलेत त्यामुळं घाईत टायपलंय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

प्रोजेक्ट असा की साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख एलएम२५ (ओतकामाचा ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू) मध्ये मिसळायची आणि झीज कमी होते का बघायचं. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना काय तोटा नाही, मामाच्या गावाजवळच्या कारखान्यातून दोन पोती फुकट मिळाली म्हणून हा विषय घेतला (गाईडला सांगितलेलं कारण वेगळं आहे). अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या फाउंड्रीत भट्टी मिळाली ती पण त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत, एप्रिलचं ऊन आणि समोर वितळलेल्या धातूचा ७४० डिग्रीचा रस, घामानं वही भिजली.

राख ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली, ड्रिल मशीनला लोखंडी पात्याचा स्टरर लावून भोवरा केला आणि राख टाकत ढवळलं, मग डायमध्ये (साच्यात) ओतलं. ५ टक्क्याला १० मिनिटं ढवळलं, १० टक्क्याची राख आतच जाईना, वर तरंगायली, म्हणून २० मिनिटं. झीज मोजायला त्याच्या पिना फिरत्या डिस्कवर घासल्या: पिन १० मिमी जाड ३० मिमी लांब, खाली ईएन३१ (कडक स्टील) ची डिस्क, लोड २० न्यूटन, १००० मीटर घासली. वजन कमी झालं ते असं: साधी ९.४ मिलिग्रॅम, ५ टक्के ६.८, आणि १० टक्के ११.२!! राखेतली सिलिका तर कडक असते ना, मग जास्त घातल्यावर झीज कमी व्हायला पाहिजे की नाही? मित्र म्हणतो रीडिंग "ॲडजस्ट" कर. मला तसं करायचं नाहीये पण सुचंना झालंय.

भट्टीकाका
ॲडजस्ट करू नकोस बाबा, व्हायवात पहिल्याच प्रश्नाला सापडशील. घासायच्या आधी पिनांची वजनं किती होती ते सांग. आणि राखेचा रंग?

प्रश्नकर्ता
काका, साधी ६.२६ ग्रॅम, ५ वाली ६.०८, १० वाली ५.६८. राख काळी आहे, कोळशाच्या पुडीसारखी. मित्र म्हणाला कार्बन आहे तर बरंच, ग्राफाइटसारखं वंगण होईल.

भट्टीकाका
मित्राला चहा पाज आणि घरी पाठव. बॉयलरमधला न जळलेला कोळसा म्हणजे ग्राफाइट नव्हे.

आता तुझ्या वहीतच उत्तर आहे बघ. तुझ्या पिनेचं घनफळ २.३५६ घन सेंमी. ५.६८ ला त्यानं भाग, घनता आली २.४१. एलएम२५ ची २.६८, राखेची २.१ धरली (ती तू मोजून घे) तर १० टक्क्याला २.६१ यायला हवी. म्हणजे साडेसात टक्क्याच्या आसपास नुसती पोकळी, ५ वाल्यात सव्वादोन-अडीच. आणि राख वर तरंगून मळाबरोबर (रसावर जमणारी घाण) निघून गेली असेल तर धातू जास्त, म्हणजे अपेक्षित घनता अजून वर आणि पोकळी अजून जास्त. अशा भोकाळ पिनेत राखेचे कण धरून कोण ठेवणार? ते उपटून बाहेर येतात, डिस्क आणि पिनेच्या मधे अडकतात आणि कानशीसारखे पिनेलाच खातात. कडक कण आत बसला तर रखवालदार, सुटला तर चोर. पिनेचं तोंड मायक्रोस्कोपखाली बघ, खोल चरे दिसतील.

अजून एक, झीज वजनात लिहू नको, घनतेनं भागून घनमिलिमीटरमधे लिही. वजनात तुझी १० वाली साधीपेक्षा १९ टक्के जास्त झिजली, घनफळात ३१ टक्के.

लॅबमधला
काकांशी सहमत. राख आधी मफल फर्नेसमधे (लॅबची बंद भट्टी) ६००-६५० डिग्रीला दोन-तीन तास पसरून भाज, काळी जाऊन करडी-पांढरट झाली पाहिजे, आधी-नंतर वजन कर. आणि टाकायच्या आधी पुन्हा ४०० ला तापवून गरमच टाक. ओलसर राख रसात पडली तर वाफ होऊन रस अंगावर उडतो, हे गमतीत घेऊ नको बे, चेहऱ्याला शील्ड लाव. रसात १ टक्का मॅग्नेशियम घाल, त्याशिवाय राख रसात भिजत नाही, म्हणून तर तरंगायली. फॉइलच्या छोट्या पुड्या करून हळूहळू सोड.

प्रश्नकर्ता
राख किती आत गेली ते कळायला तुकडा ॲसिडमध्ये विरघळवून उरलेलं वजन केलं तर?

लॅबमधला
नाही जमणार, एलएम२५ मधे ७ टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असतो तो पण तळाला उरतो. वर काढलेला मळ जपून ठेव, तेवढं सोपं.

भट्टीकाका
आणि लोखंडी पातं तसंच वापरलंस का? २० मिनिटात लोखंड रसात विरघळतं आणि गोठताना आत सुयांसारखं बसतं, धातू ठिसूळ होतो. पात्याला ग्राफाइटचा नाहीतर झिर्कोनियाचा लेप दे. फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली दगडी कोळशाची राख) घेतली असती तर कण गोल असतात, कमी भांडतात. फताटेवाडीच्या एनटीपीसीची राख वीटवाल्यांकडं किलोभर सहज मिळंल. पण आता विषय बदलू नको.

प्रश्नकर्ता
अपडेट. १०० ग्रॅम काळी राख भाजून ७८ ग्रॅम उरली, म्हणजे मी राख म्हणून २२ टक्के कोळसाच घालत होतो 🤦 मॅग्नेशियम घातलं, पात्याला लेप दिला, १२ मिनिटंच ढवळलं. १० टक्क्याची नवी पिन ५.९३ ग्रॅम भरली, पोकळी साडेतीन टक्क्याच्या आसपास यायलीय. काका, जुन्या १० टक्क्याचं रीडिंग रिपोर्टमध्ये ठेवू का काढू?

भट्टीकाका
ठेव. दोन्ही शेजारी शेजारी, पोकळीच्या आकड्यासकट. आणि प्रत्येक टेस्टआधी डिस्क ॲसिटोननं पूस, नाहीतर आधीच्या पिनेचा चुरा पुढच्या पिनेच्या नावावर जायचा.

प्रश्नकर्ता
मशीनला गुरुवारी नंबर लागलाय. तीन-तीन पिना घासतो आणि आकडे इथंच टाकतो.