प्रति: त्स्वाना आकडे

'एक ते दहा पाठ केलं की त्स्वाना (बोट्स्वानातली भाषा) मोजणी आली' असं एकाने लिहिलंय, ते मत अर्धंच पटलं. सहापर्यंत घोकावंच लागतं, पण पुढचे आकडे बोटांवरच बसलेत. सात म्हणजे 'सुपा', त्याचा अर्थच 'दाखवणे'. मोजताना सातव्याला दाखवायचं बोट येतं. आठ 'रोबेडी', नऊ 'रोबोंग्वे', म्हणजे दहातली दोन किंवा एक बोट दुमडायचं. आपल्या एकोणीस-एकोणतीसचे भाऊबंदच!

खरी गोची नाम जोडताना होते. गाई तीन असतील तर 'डिखोमो डि ले थारो', पण माणसं तीन म्हणजे 'बाथो बा ले बारारो'. गाबोरोनेच्या (बोट्स्वानाच्या राजधानीच्या) बाजारात मी मुलंसुद्धा 'डि ले थारो' अशी मोजली, तर भाजीवाली बाई पोट धरून हसली. मी पोरांना गुरांत ढकललं होतं ना!