खरं बोललं तरी निंदाच?

या चर्चेत एकांनी विचारलंय, की गोष्ट खरी असेल तर ती निंदा कशी? ज्यू परंपरेचं उत्तर इथे फार कडक आहे. 'लाशोन हारा' म्हणजे दुसऱ्याला कमीपणा आणणारं बोलणं, आणि ते खरं असलं तरी निषिद्धच. खोटं रचून सांगितलं तर तो त्याहून मोठा, वेगळा गुन्हा. तालमूद (ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांचा प्राचीन ग्रंथ) म्हणतं, अशी जीभ तिघांना मारते: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी बोललं त्याला. ऐकणाराही सुटत नाही, हे मला विशेष वाटतं. (आपण तर 'मी फक्त ऐकत होतो' म्हणून मोकळे होतो!)

तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, मिर्याम आपल्या भावाविषयी, मोशेविषयी (मोझेस) वाकडं बोलते आणि तिच्या अंगावर पांढरा त्वचारोग उमटतो. सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवतात, आणि सगळा समाज तिच्यासाठी थांबून राहतो.

मग फसव्या माणसाबद्दल कुणाला सावध करायचंच नाही का? करायचं. राडिन गावचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्राएल मेइर कागान यांनी 1873 साली 'हाफेत्झ हाईम' या ग्रंथात हे नियम एकत्र मांडले. लग्न किंवा भागीदारी ठरत असताना धोका सांगावा, पण अटी आहेत: स्वतः खात्री केलेली हवी, तिखटमीठ नको, मनात आकस नको, आणि न बोलता काम होत असेल तर गप्प बसावं. आकसाची अट सगळ्यात अवघड. ती पाळली तर इथले निम्मे चर्चेचे धागे बंद पडतील.