गौरीजेवणाची तिसरी पंगत ('आपली माणसं' ग्रुप)

मोठी वहिनी: सगळ्यांना नमस्कार. काल पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आम्ही सहा जणी दुपारी चार वाजता जेवायला बसलो. कोशिंबिरीला पाणी सुटलेलं, कटाची आमटी पातेल्याच्या बुडाशी, पुरणपोळ्या अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या. शेजारच्या काकूंना सवाष्ण म्हणून पाटावर बसवलं, त्यांचे पाय धुतले. आणि घरच्या सवाष्णी सकाळी सहापासून उभ्या. पुढच्या वर्षी पहिल्या पंगतीला निम्म्या बायका बसतील.

धाकटे काका: जेवताना पानाशेजारी मोबाइल ठेवू नये. काल तीन पानांशेजारी होते.

आत्या: सूनबाई, स्वयंपाक छानच झाला होता. पण आपल्याकडे आधी नैवेद्य, मग पुरुष आणि मुलं, मग बायका. आईने जन्मभर असंच केलं. कधी तोंडातून शब्द काढला नाही.

नाशिकचा दादा: बाकी ते असू दे. कोशिंबीर उजवीकडे कोणी वाढली? 😄

पुण्याचा भाचा: मी 🙏

नाशिकचा दादा: अरे, मीठ वर मधोमध. लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाज्या उजवीकडे. आणि केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. माझं पान तू उलटं मांडलंस.

अलिबागची वहिनी: माझ्या माहेरी या दिवसांत गौरीला मटणाचा नैवेद्य असतो. तिथे या, डावं-उजवं कोणी विचारत नाही 😂

आत्या: सणाच्या दिवशी ग्रुपवर हे नको.

अलिबागची वहिनी: आत्या, तोही गौरीचाच नैवेद्य आहे.

धाकटे काका: मोबाइलबद्दल कोणीच बोललं नाही.

मोठी वहिनी: आत्या, आजींना मी चार वर्षं पाहिलं. शेवटच्या पंगतीला वाढायला कोणी उरायचं नाही. उजवा हात उष्टा, म्हणून त्या डाव्या हाताने स्वतःच्या पानात आमटी वाढून घ्यायच्या. शब्द काढायच्या नाहीत, खरं आहे. पण ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ठाण्याची काकू: तुझं पटतं गं. पण तव्यावरची पोळी गरम पानात पडायला हवी ना? कोणीतरी आत लागतंच.

मोठी वहिनी: काकू, उकडीचे मोदक असते तर मान्य. पुरणपोळी सकाळी करून डब्यात ठेवली तरी दुपारपर्यंत मऊ राहते. आणि 2020 ला कोरोनात आपण सातच जण होतो. सगळे एकदम बसलो, भांडी मध्ये ठेवून वाढून घेतलं. तेव्हा कुळाचार बुडाला का?

नागपूरची ताई: आमच्याकडे महालक्ष्म्यांना आंबील, सोळा भाज्या, सगळं साग्रसंगीत असतं. गेल्या वर्षापासून पहिली पंगत घरचे पुरुष वाढतात. सासऱ्यांनी स्वतः आंबिलीचं पातेलं धरलं होतं.

आत्या: तुमच्याकडचं तुमच्याकडे.

धाकटे काका: जेवताना पानाशेजारी मोबाइल ठेवू नये.

नाशिकचा दादा: काका, वाचलं 🙏 त्यातला एक माझा होता.

मोठा दादा: मी काल पहिल्या पंगतीला बसलो, जेवलो आणि वर जाऊन झोपलो. उठलो तेव्हा तुमची वहिनी भांडी आवरत होती. पुढच्या वर्षी पहिली पंगत मी आणि भाचा वाढणार.

आत्या: तुम्ही वाढणार? भातावर वरण, वरणावर तूप, तेही दुसऱ्याचं पान खरकटं न करता. त्याला हाताला वळण लागतं.

पुण्याचा भाचा: आत्याआजी, मला शिकव ना. खरंच.

आत्या: आम्हाला कोणी शिकवलं होतं?

आत्या: तुम्ही बसा पहिल्या पंगतीला. मी नाही बसायची.

मोठी वहिनी: मग मीही नाही बसणार, आत्या. तुमच्या शेजारीच पान मांडायचं आहे मला.

आत्या: नवरात्रात अष्टमीला येतेच आहे मी. तेव्हा बघू. त्या पोराला म्हणावं, तुपाची वाटी घेऊन उभा राहा.