जनगणनेचा नकाशा: लेकरांना रंगवायला शिकवायचा की वाचायला?

भूगोलवाली, केज
नववीला टिंब (ठिपक्यांचा), क्षेत्रघनी (जिल्हावार रंगछटांचा), समघनी (सारख्या मूल्यांच्या रेषांचा) असे सगळे नकाशे आहेत. लेकरं रंग सुबक भरतात. त्यातून काय कळलं विचारलं की गप्प. मी शून्य ते सहा वयाच्या लिंग गुणोत्तराचे २००१ आणि २०११ चे नकाशे शेजारीशेजारी लावते. बीडला हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, त्या ८०७ वर आल्या. सूचीही, म्हणजे कोणत्या आकड्यांना कोणता रंग ते, लेकरांनाच ठरवू द्यावी. ५०-५० चे गट केले की बीड उठून दिसतं, १०० चे केले की बहुतेक सगळा मराठवाडा एका रंगात बुडतो.

जालन्याचे सर
मॅडम, मला पटत नाही. इतके जुने आकडे घेऊन काय तुलना करायची? २०२७ ची जनगणना होऊ द्या. आणि मागं जायचं तर १९९१ ला हिंगोली जिल्हाच नव्हता, तो १९९९ ला परभणीतून निघाला. दहावीला भूगोल ४० गुणांचा, तिथं ठिकाणं बरोबर भरली तरी पुष्कळ.

ऊसतोडीच्या घरातला, धारूर
मला वेगळीच शंका आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी झाली. तेव्हा आमची माणसं साखर कारखान्यावर, कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत. पूर्ण मुदतभर जो बाहेर, तो सापडला तिथंच मोजायचा, असा नियम. मग बीडच्या घनतेच्या नकाशात आम्ही कुठं आहोत? हे वर्गात सांगता का?

भूगोलवाली, केज
दादा, हा प्रश्न मी आता वर्गात घेणारच. सर, २०११ ला शून्य ते सहा वयाची लेकरं आज दहावीत नि कॉलेजात आहेत, म्हणजे आकडे आपल्या बाकांवरच बसलेत. १९९१ शी तुलना करताना परभणी-हिंगोलीची बेरीज घ्यायची. नुसत्या लोकसंख्येच्या नकाशात हिंगोली फिकट नि बीड गडद दिसतं. क्षेत्रफळानं भागलं की दोघांची घनता जवळपास सारखी. हे कळायला एक तास पुरतो.

जालन्याचे सर
बेरजेचं मान्य. पण ८०७ हा आकडा वर्गातल्या मुलींपुढं ठेवायचा, तर त्यामागं काय घडलं तेही बोलावं लागेल. सोनोग्राफी, गर्भपात, सगळं. त्याची तयारी किती शिक्षकांची आहे? माझी नाही. कुणी शिकवणार नसेल तर नकाशा नुसता लावू नये, एवढंच म्हणणं आहे.

भूगोलवाली, केज
मुलीच आधी विचारतात, सर. मी उत्तर देते.